विश्लेषण : उष्माघाताचा रुग्ण आधी रुग्णालयात न्यावा की आधी थंड करावा?

मार्च उलटला की राज्यात उष्माघाताच्या बातम्या येऊ लागतात. भर उन्हात काम करणारा मजूर किंवा सभेला आलेली वयस्कर व्यक्ती अचानक कोसळते. आजूबाजूचे लोक तिला सावलीत नेतात, तोंडावर पाणी मारतात, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो आणि मिळेल त्या वाहनाने रुग्णालयाची वाट धरली जाते. या धावपळीत मुख्य काम राहून जाते. रुग्णाचे शरीर आतून तापलेलेच असते आणि प्रवासातली प्रत्येक मिनिट त्याच्या मेंदूला, यकृताला, मूत्रपिंडांना महाग पडत असते. म्हणूनच उष्माघाताबाबत आता जगभर एक तत्त्व आग्रहाने सांगितले जाते : आधी थंड करा, मग हलवा. हे तत्त्व नेमके काय आहे, शरीर थंड करण्याच्या कोणत्या पद्धती आहेत आणि महाराष्ट्रात कुठे कोणती चालेल, याचा हा आढावा.

ऊन लागणे आणि उष्माघात यांत फरक काय?

उन्हात घाम जाऊन अशक्तपणा येणे, डोके दुखणे, मळमळणे, पायात गोळे येणे याला बोलीभाषेत ‘ऊन लागणे’ म्हणतात. यात माणूस शुद्धीवर असतो, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतो. सावली, विश्रांती, ओआरएस, ताक, पन्हे यांनी तो बहुतेक वेळा सावरतो.

उष्माघात ही पुढची आणि जीवघेणी अवस्था आहे. शरीराच्या आतील तापमान साधारण ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जाते आणि त्याच्या जोडीला मेंदूचे काम बिघडते. रुग्ण बरळतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, चाल अडखळते, आकडी येते किंवा शुद्ध हरपते. उन्हातल्या माणसाच्या वागण्याबोलण्यात असा बदल दिसला, तर तो उष्माघात समजूनच हालचाल करावी.

‘घाम थांबला असेल तरच उष्माघात’ हा समज मात्र घातक आहे. घरात उकाड्यात पडून असलेल्या वृद्धांची त्वचा अनेकदा कोरडी आढळते. पण शेतमजूर, बांधकाम कामगार, धावपटू किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, यांना श्रमामुळे उष्माघात होतो तेव्हा अंग घामाने चिंब असू शकते.

अर्धा तास इतका महत्त्वाचा का?

शरीरातील प्रथिने आणि पेशींची आवरणे एका मर्यादेपर्यंतच उष्णता सोसतात. नुकसान किती होणार, हे तापमान किती चढले यावर आणि ते किती वेळ चढलेले राहिले यावर ठरते. ४२ अंशांवर गेलेला रुग्ण पंधरा-वीस मिनिटांत खाली आला तर तो पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. तोच रुग्ण दीड तास त्याच तापमानात राहिला, तर स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ लागतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. त्यानंतर अतिदक्षता विभागात कितीही प्रयत्न केले तरी झालेले नुकसान सहज भरून येत नाही.

त्यामुळे तापमान पहिल्या अर्ध्या तासात ४० अंशांच्या खाली आणणे हे उपचाराचे पहिले उद्दिष्ट मानले जाते. राज्यात अनेक गावांतून सुसज्ज रुग्णालयात पोहोचायलाच याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्या अर्ध्या तासात जीव वाचायचा, तो अर्धा तास बहुतेकदा शेतात, रस्त्यावर किंवा वाहनात जातो.

ताप उतरवणारी गोळी का चालत नाही?

साध्या तापात मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र स्वतःच शरीराचे तापमान वर नेते. पॅरासिटामॉल त्या केंद्रावर काम करते आणि ताप उतरतो. उष्माघातात बिघाड वेगळा असतो. नियंत्रक तापमान वाढवा असे सांगतच नसतो, उलट शरीर उष्णता बाहेर टाकण्याची धडपड करत असते आणि ती धडपड अपुरी पडलेली असते. तिथे गोळी निरुपयोगी ठरते. शिवाय ताणाखाली असलेल्या यकृतावर पॅरासिटामॉलचा आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर ॲस्पिरिनचा जादा भार पडतो. उष्माघातावर औषध एकच, ते म्हणजे शरीरातली उष्णता बाहेर काढणे.

उष्णता बाहेर काढायची म्हणजे किती?

साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान ४२ वरून ३९ अंशांवर आणायचे तर सुमारे १५० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. हे दोन मार्गांनी साधता येते.

पहिला मार्ग थंड पाण्याच्या थेट स्पर्शाचा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगले उष्णतावाहक आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे हिशेबाने दोन किलो बर्फ पुरेसा. प्रत्यक्षात बरीच थंडी आजूबाजूला वाया जाते, म्हणून अधिक लागतो.

दुसरा मार्ग बाष्पीभवनाचा. त्वचेवरून एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे जेमतेम पाव लिटर पाणी त्वचेवरून उडून गेले तरी काम भागते. अट एकच. पाण्याची वाफ झाली पाहिजे. अंगावरून ओघळून जमिनीवर सांडलेले पाणी या हिशेबात धरता येत नाही.

बर्फाच्या पाण्यात बुडवणे सुरक्षित आहे का?

मानेपर्यंत थंड पाण्यात बुडवणे ही सर्वात वेगवान पद्धत आहे. बर्फ घातलेल्या पाण्यात शरीराचे तापमान मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरते, म्हणजे तीन अंश उतरायला पंधरा मिनिटे.

या पद्धतीचा सर्वात बोलका पुरावा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फालमाउथ रोड रेस या शर्यतीतून मिळतो. ऑगस्टच्या दमट उकाड्यात होणाऱ्या या सात मैलांच्या शर्यतीत १८ वर्षांच्या नोंदींनुसार २७४ धावपटूंना श्रमजन्य उष्माघात झाला. अंतिम रेषेजवळच्या वैद्यकीय तंबूत टब तयार असत. रुग्णांना तिथेच बर्फाच्या पाण्यात बसवले गेले आणि सर्वच्या सर्व २७४ जण वाचले.

या पद्धतीवर जुना आक्षेप असा, की गार पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, अंग कुडकुडते आणि उष्णता आतच कोंडते. तसे थोडे घडते हे खरे. पण तापलेले शरीर आणि गार पाणी यांच्यातील तापमानाचा फरक इतका मोठा असतो, की उष्णता वेगाने बाहेर पडतेच. प्रथमोपचाराच्या शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २०२० मध्ये अशा प्रौढ रुग्णांना १ ते २६ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवून आतील तापमान ३९ अंशांखाली आणण्याची शिफारस केली. २६ अंश ही वरची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. बर्फ मिळाला नाही, तरी विहिरीचे, रांजणातले किंवा माठातले पाणी उपयोगी पडते. गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी मात्र आधी हात घालून पाहावे, ते अंगाइतकेच गरम असू शकते.

जोखीम आहे ती हाताळणीत. बेशुद्ध माणसाचे डोके पाण्याबाहेर धरायला एक जण सतत हवा. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्याला कुशीवर वळवता आले पाहिजे. हृदयविकार असलेल्या किंवा अतिवृद्ध रुग्णांत कोणती पद्धत वापरायची, याचा निर्णय डॉक्टर उपलब्ध असल्यास त्यांनी घ्यावा. तापमान ३९ अंशांच्या आसपास आले की बाहेर काढावे, कारण त्यानंतरही ते काही काळ उतरत राहते.

फवारा आणि वारा ही पद्धत कुठून आली?

हज यात्रेत मक्केला दरवर्षी लाखो भाविक जमतात आणि यात्रा उन्हाळ्यात आली की उष्माघाताचे रुग्ण शेकड्यांनी येतात. इतक्यांना टबात बसवणे अवघड. त्यावर जे. एस. वायनर आणि मुस्तफा खोगाली या संशोधकांनी एक वेगळी रचना तयार केली आणि १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध झाली. रुग्णाला जाळीच्या खाटेवर झोपवायचे, सर्व बाजूंनी १५ अंश तापमानाच्या पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा आणि सोबत सुमारे ४५ अंशांची गरम हवा वेगाने सोडायची, अशी ती पद्धत.

गरम हवा वापरून थंड करणे उलटे वाटते, पण त्यामागे विचार आहे. त्वचा उबदार राहिली की रक्तवाहिन्या उघड्या राहतात, कुडकुडी भरत नाही आणि कोरड्या वाऱ्यात पाण्याची वाफ झपाट्याने होते. आज अनेक रुग्णालयांत याच कल्पनेचे सोपे रूप वापरतात. कपडे काढून अंग ओले करायचे, पंखा पूर्ण वेगाने लावायचा आणि मान, काखा, जांघा येथे बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. याचा वेग टबापेक्षा कमी, बहुधा निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. पण रुग्णाला सलाईन लावणे, हृदयाचे ठोके पाहणे, श्वासावर लक्ष ठेवणे यात सोपे जाते.

विदर्भ आणि कोकण यांना एकच उपाय का चालत नाही?

याचे उत्तर घरातल्या कूलरमध्ये आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरला वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात खोली गार करतो. तोच कूलर मुंबईत किंवा रत्नागिरीत लावला तर खोली नुसती दमट होते. पाण्याची वाफ व्हायला हवेत जागा लागते. कोकणातल्या हवेत ती आधीच भरलेली असते.

हाच नियम माणसाच्या त्वचेला लागू पडतो. हवेचे तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वाऱ्यात धरलेले ओले फडके सुमारे २३ अंशांपर्यंत गार होते. हवेचे तापमान ३४ अंश पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर तेच फडके २९ अंशांच्या खाली जात नाही. आकड्यांत दहा अंशांनी ‘कमी’ असलेला उकाडा बाष्पीभवनाच्या दृष्टीने अधिक वाईट असतो, तो असा.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, तेव्हा परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. विदर्भाच्या मानाने हा आकडा साधा. पण खाडीलगतची दमट हवा, उघडे मैदान आणि तासन्‌तास बसलेली गर्दी यांचा त्यात हिशेब नसतो.

त्यामुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात ओले अंग आणि जोराचा वारा हा खरोखर प्रभावी उपाय आहे. मुंबई, ठाणे, कोकण किनारा आणि गोवा येथे त्यावर विसंबता येणार नाही. तिथे बर्फ आणि थंड पाण्याचा थेट स्पर्शच हवा. कोरड्या भागातही एक पथ्य आहे. हवा ४४ अंशांची असताना कोरड्या अंगावर पंखा लावला तर तो उष्णता आत ढकलतो. आधी अंग ओले, मग वारा, आणि अंग सुकू लागले की पुन्हा ओले.

टब नसेल तर काय करावे?

गावात, रस्त्यावर किंवा बांधकामाच्या ठिकाणी टब असण्याची शक्यता कमी. पण पर्याय हाताशी असतात. पहिला ताडपत्रीचा. रुग्णाला ताडपत्रीवर झोपवून चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, की तिचा झोळीसारखा हौद होतो. त्यात पाणी आणि बर्फ ओतून अंगावर हलवत राहायचे. या पद्धतीने तापमान मिनिटाला ०.१५ अंशाच्या आसपास उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे, म्हणजे टबाच्या बरेच जवळ. ताडपत्री शेतकऱ्याकडे असते, मंडपवाल्याकडे असते, ट्रकवरही असते.

दुसरा पर्याय चादरींचा. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण तळांवर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी पेटीत तयार ठेवतात आणि कोसळलेल्या जवानाला त्यांत गुंडाळतात. चादर अंगावर तापते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी बदलावी लागते. एकदा गुंडाळून सोडून दिलेली चादर पांघरुणासारखी उष्णता कोंडून ठेवते.

बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्न उन्हाळ्यात फारसा अवघड नाही. रसवंतीगृह, शीतपेयांची गाडी, आइस्क्रीमचे दुकान, किनाऱ्यावर मासळी बाजार, कुठे ना कुठे तो असतोच. काहीच नसेल तर सावली, अंगावरचे जादा कपडे काढणे आणि मिळेल त्या गार पाण्याची संततधार हेही मोलाचे.

क्रम असा ठेवावा. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याच क्षणी इतरांनी थंड करायला सुरुवात करावी. रुग्णवाहिका आली म्हणून थंड करणे थांबवू नये, आत बसल्यावरही ते चालू ठेवावे. थंड करण्याचे कोणतेच साधन नसेल, तरच वाटेत पाणी मारत आधी रुग्णालय गाठावे.

काय टाळावे?

बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाला पाणी, सरबत, काहीही पाजू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. त्वचेवर स्पिरिट चोळू नये, ते अंगात शोषले जाते आणि लहान मुलांना विशेष बाधते. खिशात ठेवलेला कांदा किंवा तळपायाला चोळलेला कांद्याचा रस यांनी आतील उष्णता बाहेर निघत नाही आणि त्यात पहिली मोलाची मिनिटे जातात. पन्हे, ताक, कोकम सरबत हे उन्हात बाहेर पडणाऱ्याने घ्यायचे चांगले पेय आहे, पण ते कोसळण्याआधीचे.

कपाळावर धरायच्या तापमापक बंदुकीवरही विसंबू नये. घाम आणि वारा यांनी कपाळ गार झालेले असते आणि आत ४१ अंश असताना बाहेर ३८ दिसू शकते. खरे तापमान कळते ते गुदद्वारातून मोजल्यावर. ते साधन जवळ नसेल तर आकड्याची वाट न पाहता वागण्यातील बदलावरून उपचार सुरू करावेत.

सरकारी तयारीत कशाची भर हवी?

उष्माघाताची तयारी म्हणजे काय, याचे सर्वमान्य चित्र असे : राखीव खाटांचा कक्ष, त्यात कूलर किंवा वातानुकूलन, ओआरएसची पाकिटे, सलाईनच्या बाटल्या आणि जनजागृतीची पत्रके. विदर्भातील सरकारी रुग्णालयांत उन्हाळ्यात ‘कोल्ड वॉर्ड’ उघडले जातात. हे सारे गरजेचे आहे. पण गार खोलीत झोपवणे हा उपचार नव्हे. गार हवेत ठेवलेल्या रुग्णाचे तापमान फार सावकाश उतरते, आणि उष्माघातात तेवढा अवधी नसतो. कक्ष किती उघडले यापेक्षा त्या कक्षात आलेल्या रुग्णाचे तापमान किती मिनिटांत उतरले, ही नोंद महत्त्वाची आहे.

देशात याची सुरुवात झालेली आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ च्या उन्हाळ्यात उष्माघातासाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला आणि तिथे रुग्णाला बुडवण्यासाठी सिरॅमिकचे टब आणि बर्फ तयार करणारे यंत्र ठेवले. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहरात त्याच वर्षी अग्निशमन दलाने रुग्णाला बर्फासह गुंडाळण्याच्या जलरोधक पिशव्या गाड्यांवर ठेवल्या, जेणेकरून रुग्णालय गाठण्याआधीच उपचार सुरू व्हावेत.

महाराष्ट्राला यासाठी फार मोठा खर्च नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक टब, बर्फ साठवायची पेटी आणि गुदद्वारातून मोजायचे तापमापक असावे. १०८ च्या रुग्णवाहिकांत उन्हाळ्याचे चार महिने ताडपत्री, चादरी आणि बर्फाची पेटी असावी. आशा सेविका, पोलीस पाटील, मुकादम आणि रोजगार हमीच्या कामावरील पर्यवेक्षक यांना ताडपत्रीची पद्धत एकदा करून दाखवावी. शिकायला अर्धा तास पुरतो. सभा, यात्रा, शर्यती आणि भरतीच्या मैदानी चाचण्या यांना परवानगी देताना रुग्णवाहिकेबरोबरच जागेवर बर्फ आणि टबाची अट घालावी. कोकण विभागात ही अट अधिक कडक असावी, कारण तिथे वारा घालून भागणार नाही.

उष्माघात हा असा मोजक्या आजारांपैकी आहे, ज्यात सर्वात परिणामकारक उपचार डॉक्टर येण्याआधी सामान्य माणूस करू शकतो आणि त्याला लागणारे साहित्य किराणा दुकान आणि रसवंतीवर मिळते. या उन्हाळ्यात किती बळी जातील, हे पाऱ्याइतकेच कोसळलेल्या माणसाभोवती जमलेले दहा जण पहिल्या दहा मिनिटांत काय करतात यावरही ठरणार आहे.